लोकलमध्ये तीनशे चार खेळताना जी बोली लावता, तिचं शास्त्र एली कल्बर्टसननं अख्ख्या जगाला विकलं होतं

संध्याकाळी सीएसएमटीवरनं सुटणारी कुठलीही कल्याण, कसारा नाहीतर कर्जत लोकल घ्या. दादर सुटेपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. पण त्याच गर्दीत खिडकीजवळ समोरासमोर बसलेली चार-सहा माणसं गुडघ्यांवर एक बॅग आडवी टाकतात आणि पत्ते पिसायला घेतात. ठाणं येईपर्यंत एक-दोन डाव झालेले असतात. डोंबिवलीला एखादा भिडू उतरतो, त्याच्या जागी इतका वेळ मागे उभं राहून सल्ले देणारा बसतो आणि कल्याणपर्यंत खेळ चालू राहतो.

प्रत्येक ग्रुपचा खेळ वेगळा. मेंढीकोटात बोली नसते. दश्श्या गोळा करायच्या, चारही दश्श्या एकाच बाजूला आल्या की समोरच्यांवर मेंढीकोट. पण जजमेंट किंवा तीनशे चार असेल तर विषय बदलतो. तिथं पान टाकायच्या आधी तोंड उघडावं लागतं. जजमेंटमध्ये आपले किती हात होणार ते आधीच सांगायचं असतं, आणि तेवढे करून दाखवायचे असतात.

तीनशे चारचा हिशोब तर अजून भारी. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २. एका रंगाचे झाले ७६, चार रंगांचे ३०४. म्हणून खेळाचं नाव तीनशे चार. यात आधी अर्धीच पानं वाटतात आणि त्यांच्या जोरावर बोली लावायला लागते. बोली जास्त लावली तर तोंडावर पडायचं, कमी लावली तर समोरचा हुकूम ठरवणार. बरं, भिडूच्या हातात काय आहे ते दिसत नाही आणि विचारताही येत नाही.

मग काही पठ्ठे खुणा करतात. कोण भुवई उडवतो, कोण कान खाजवतो, कोण उगाच खोकतो. पकडले गेले की भांडणं ठरलेली.

साधारण शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं या अडचणीवर रीतसर उत्तर काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं. खूण कशाला करायची, बोली हीच खूण आहे की. चारचौघांत मोठ्यानं बोलायची, समोरच्यांनाही ऐकू द्यायची. फक्त कुठल्या बोलीचा अर्थ काय ते दोघा भिडूंचं आधी ठरलेलं पाहिजे, आणि विरोधकांनी विचारलं तर त्यांनाही सांगितलं पाहिजे.

या एका कल्पनेवर त्यानं पुस्तकं विकली, मासिक काढलं, शिक्षकांची फौज उभी केली आणि पत्त्यांच्या खेळाला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नेलं. त्याचं नाव एली कल्बर्टसन.

कॉसॅक आई, अमेरिकन बाप आणि जन्म रुमानियात

एलीचा जन्म २२ जुलै १८९१ चा. गाव रुमानियातलं. त्याचे वडील आल्मन कल्बर्टसन हे अमेरिकन खाण अभियंता, तेलाच्या कामासाठी तिकडं गेलेले. आई झेनिया ही रशियन, कॉसॅक सरदाराच्या घराण्यातली. त्यामुळं पोरगं वाढलं ते घोडे, नोकरचाकर आणि चार-पाच भाषांच्या गलक्यात. पुढं जिनिव्हा आणि पॅरिसमध्ये शिक्षण झालं.

तरुणपणी त्याला क्रांतीचं वेड लागलं. आत्मचरित्रात त्यानं कॉकेशसमधल्या तुरुंगवासाची गोष्ट सांगितलीय. त्याच्या म्हणण्यानुसार, फाशीची वाट बघणारे राजकीय कैदी तिथं व्हिंट नावाचा रशियन पत्त्यांचा खेळ खेळायचे आणि त्यांच्याकडनंच तो शिकला. व्हिंटमध्येही हात करायचे असतात, आणि त्याआधी बोली लावायची असते. आता एली हा गोष्टी रंगवून सांगणारा गडी होता, त्यामुळं त्याच्या या किश्शांकडं अभ्यासक जरा सावधपणेच बघतात. पण पत्त्यांची गोडी त्याला तरुणपणीच लागली, हे नक्की.

ही गोडी कामाला आली १९१७ नंतर. रशियात क्रांती झाली आणि कल्बर्टसन घराण्याची तिथली संपत्ती बुडाली. काल क्रांतीची स्वप्नं बघणारा पोरगा आज त्याच क्रांतीमुळं कफल्लक झाला. मग पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांमध्ये पत्ते खेळून तो पोट भरायला लागला. १९२१ साली अमेरिकेत आला तेव्हा खिसा जवळपास रिकामाच होता.

न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये त्याला जोसेफिन मर्फी डिलन भेटली. ती ब्रिज शिकवायची. शांत स्वभाव, डोकं थंड आणि त्या गावात शिक्षिका म्हणून चांगलं नाव. एली बरोबर उलट. बडबड्या, उधळ्या आणि कायम काहीतरी मोठं करायच्या नादात. १९२३ साली दोघांनी लग्न केलं. टेबलावरही तेच भिडू आणि घरातही तेच.

एका नियमानं बोली महाग झाली

इथं थोडं थांबून ब्रिज समजून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल.

ब्रिजला चार खेळाडू लागतात. समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला १३ पानं, म्हणजे एका डावात १३ हात. सगळ्यात वरची बोली लावणारी जोडी हुकूम ठरवते. बोली मोजायची पद्धत अशी की पहिले सहा हात धरलेलेच असतात. एक इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून सात हात करणार. चार इस्पिक म्हणजे दहा. सात म्हणजे तेराच्या तेरा. रंगांचाही क्रम ठरलेला. सगळ्यात खाली किलवर, मग चौकट, मग बदाम, मग इस्पिक आणि सगळ्यात वर बिनहुकुमी डाव.

लिलावासारखी बोली वाढवत नेण्याची ही पद्धत भारतात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी अलाहाबादेत सुरू केली, असं सांगितलं जातं. त्या प्रकाराला ऑक्शन ब्रिज म्हणायचे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जगभर पसरला.

पण त्यात एक पळवाट होती. समजा तुम्ही दोन इस्पिक बोललात, म्हणजे आठ हात, आणि प्रत्यक्षात दहा केले. तर ते जास्तीचे दोन हातही तुमच्या गेमच्या खात्यात जमा व्हायचे. मग कशाला कोण मोठी बोली लावेल? कमीत कमी बोलायचं, डाव आपल्याकडं घ्यायचा आणि जमतील तेवढे हात ओढायचे.

१९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन कोट्यधीशानं ही पळवाट बंद केली. पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर मित्रांबरोबर पत्ते खेळताना त्यानं नवीन गुणपद्धत वापरून बघितली. जेवढं बोललात तेवढंच गेमच्या खात्यात धरणार. बारा किंवा तेरा हातांची बोली लावून ती पूर्ण केली तर घसघशीत बक्षीस. बोललात आणि जमलं नाही तर दंड. बोललेले हातच गेमच्या खात्यात धरायची कल्पना फ्रान्समधल्या प्लाफाँ या खेळात आधीपासून होतीच, व्हँडरबिल्टनं तिची नीट घडी बसवली. यालाच कॉन्ट्रॅक्ट ब्रिज म्हणतात.

यानं झालं काय, तर पान टाकण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व बोलीला आलं. दहा हात होणार असतील तर दहाच बोललं पाहिजे. नऊवर थांबलात तर नुकसान, अकरावर गेलात तरी नुकसान. आणि दहा हात होणार की नाही हे एकट्याच्या पानांवरनं कळत नाही. दोघांची मिळून २६ पानं एकमेकांना सांगावी लागतात, तीही फक्त बोलींमधून.

अमेरिकेतल्या लाखो लोकांना हा नवीन खेळ हवा होता, पण ही भाषा कुणालाच येत नव्हती. एलीनं हे ओळखलं.

एक्का-राजा म्हणजे दोन, एक्का-राणी म्हणजे दीड

कल्बर्टसन पद्धतीचा पाया होता पानांची किंमत मोजण्याचा सोपा तक्ता. एकाच रंगाचे एक्का आणि राजा असतील तर दोन हात धरा. एक्का आणि राणी असेल तर दीड. नुसता एक्का एक. राजा-राणी जोडीनं असतील तर एक. राजाबरोबर एखादं छोटं पान असेल तर अर्धा.

हे अर्धे-दीड कुठनं आले? राजाचं बघा. एक्का तुमच्या आधी खेळणाऱ्याकडं असेल, तर त्यानं एक्का टाकल्यावर तुम्ही छोटं पान देता आणि राजा वाचतो. तोच एक्का तुमच्यानंतर खेळणाऱ्याकडं असेल तर राजा मारला जाऊ शकतो. शक्यता निम्मी-निम्मी, म्हणून राजाची किंमत अर्धी. एक्का-राणीचंही तसंच. एक्क्याचा एक हात पक्का, राणीचा हात राजा कुठं बसलाय त्यावर, म्हणून दीड.

पुढचा भाग अजून कामाचा होता. चारही खेळाडूंची पानं धरली तर अशा मोठ्या पानांचे एकूण हात साधारण आठ भरतात. म्हणजे समोरच्यानं बोली लावून आपल्याकडं तीनेक हात असल्याचं सांगितलं आणि तुमच्याकडं अडीच आहेत, तर भिडूसाठी उरतात जेमतेम अडीच, आणि त्यातलेही काही दुसऱ्या विरोधकाकडं असणार. भिडू तोंड उघडायच्या आधीच त्याच्या पानांचा अंदाज आला.

दुसरी गोष्ट होती सावकाश पुढं जाण्याची. पहिल्या झटक्यात बिनहुकुमी डावाची मोठी बोली मारण्यापेक्षा एका रंगाची छोटी बोली लावा. त्यातून भिडूला तुमचा रंग कळतो, आणि त्याला स्वतःचा रंग सांगायला जागाही उरते. लिलावाच्या प्रत्येक पायरीला नवीन माहिती मिळाली पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात धाडसी. काही बोली अशा ठरवल्या की त्या ऐकल्यावर भिडूला पास म्हणायची परवानगीच नाही. हात कितीही भिकार असो. एखाद्यानं सुरुवातीलाच दोनाची बोली लावली, की त्याचा अर्थ आपल्याकडं प्रचंड जोर आहे, आणि गेमपर्यंत दोघांपैकी कुणीही थांबायचं नाही. हातात दुर्री-तिर्री घेऊन बसलेल्या भिडूला हे भीतीदायक वाटायचं. पण हा नियम विश्वासावर उभा होता. भिडू बोलला म्हणजे त्याच्याकडं आहे, हे धरूनच चालायचं.

आणि जोखीम किती घ्यायची, त्यालाही माप होतं. विरोधकांना अडवण्यासाठी मुद्दाम जास्त बोलत असाल तर किती हात कमी पडलेले चालतील? दंड मोठा असेल तर दोन, कमी असेल तर तीन. त्यापलीकडं जायचं नाही. अंगात आलंय म्हणून बोली वाढवणाऱ्यांना हा चांगला लगाम होता.

या सगळ्याच कल्पना एकट्या एलीच्या नव्हत्या. बऱ्याच गोष्टी आसपासच्या खेळाडूंमध्ये चर्चेत होत्याच. पण त्या एका धाग्यात ओवून, साध्या भाषेत सामान्य माणसापर्यंत पोचवणं हे काम त्याचं.

एक खून आणि एक मासिक

१९२९ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटीत एक भयंकर प्रकार घडला. जॉन आणि मर्टल बेनेट हे जोडपं शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होतं. जॉननं चार इस्पिकपर्यंतची बोली खेळायला घेतली आणि हात कमी पडले. मर्टल त्याला टाकून बोलली, त्यानं तिच्या थोबाडीत मारल्या. काही वेळातच मर्टलनं त्याला गोळ्या घातल्या. १९३१ साली खटला चालला आणि ज्युरीनं तिला निर्दोष सोडलं.

अख्खी अमेरिका याच विषयावर बोलत होती. तो डाव नेमका कसा होता हे टेबलावरच्या माणसांनाही धड आठवत नव्हतं, वर्तमानपत्रांत छापून आलेली पानं नंतर जुळवलेली असावीत असं मानतात. पण एलीला त्यातला धंदा दिसला. नवरा-बायको भिडू म्हणून बसले की भांडतात, हे घराघरात घडत होतं. त्या डावाची चिरफाड करून बोली कुठं चुकली ते तो सांगायला लागला. मथितार्थ असा, की दोघांना एकच पद्धत येत असेल तर भांडायची वेळ येणार नाही. एली आणि जो हे सुखी जोडपं म्हणजे त्याच्या पद्धतीची चालतीबोलती जाहिरात होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं द ब्रिज वर्ल्ड हे मासिक काढलं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पण महामंदीत बाहेर जाऊन खर्च करायला पैसा नसलेल्या लोकांना घरी बसून पत्ते खेळणं परवडत होतं, त्यामुळं एलीचा धंदा उलट वाढला.

१९३० मध्ये त्याचं ब्लू बुक आलं आणि तडाखेबंद खपलं. त्याच वर्षी तो जो, थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेडविट्झला घेऊन लंडनला गेला. तिथं लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर नावाचे गृहस्थ होते. त्यांचं मत असं की पद्धती-बिद्धती हे थोतांड आहे, सरळ बुद्धीनं बोली लावावी. २०० डावांचा सामना झाला. कल्बर्टसनची टीम ४,८४५ गुणांनी जिंकली. ठरलेली भाषा असलेल्या चौघांनी सरळ बुद्धीवाल्या चौघांना हरवलं, ही बातमी एलीला हवी तशीच होती.

दीडशे रबरांची लढाई

आता अमेरिकेतले जुने जाणते गुरू जागे झाले. मिल्टन वर्क, विल्बर व्हाइटहेड, सिडनी लेन्झ अशी मोठी नावं एकत्र आली आणि १९३१ मध्ये त्यांनी स्वतःची अधिकृत पद्धत जाहीर केली. एलीनं लगेच लेन्झला आव्हान दिलं. दीडशे रबर खेळू. दोन गेम आधी जिंकेल त्याचा एक रबर. तू हरलास तर १,००० डॉलर दे, मी हरलो तर ५,००० देतो. पैसे दानधर्माला जाणार. लेन्झ ६० च्या आसपासचा, मान असलेला खेळाडू. नाही म्हणाला असता तर घाबरला असं झालं असतं.

७ डिसेंबर १९३१ ला न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलात सामना सुरू झाला आणि पुढं वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियात गेला. वार्ताहरांसाठी तारयंत्रं बसवली होती. पडद्याच्या फटीतून डोकावून बातम्या दिल्या जात होत्या. पंच होता आल्फ्रेड ग्रुन्थर नावाचा तरुण लष्करी अधिकारी. हाच माणूस पुढं नाटोच्या युरोपातल्या फौजांचा सर्वोच्च सेनापती झाला.

सुरुवातीला लेन्झ पुढं होता. मग पारडं फिरलं. पण सामन्याचा खरा निकाल लागला तो पानांमुळं नाही, भिडूंमुळं.

लेन्झचा भिडू होता ऑस्वाल्ड जेकोबी. वय तिशीच्या आत, गणितात हुशार आणि बोलीत बेधडक. हात कच्चा असताना विरोधकांना फसवायला बोली मारायची त्याला सवय. लेन्झला ते अजिबात झेपायचं नाही. म्हणजे एका जोडीत दोन भाषा चालल्या होत्या. एकाच्या बोलीवर दुसऱ्याचा भरवसा नाही. चारचौघांत लेन्झनं त्याच्या खेळावर टीका केली आणि १०३ रबरांनंतर जेकोबी सामना सोडून निघून गेला. उरलेले डाव लेन्झनं विनफील्ड लिगेट यांना घेऊन खेळले.

समोर एली उशिरा यायचा, विचार करत तासन्‌तास लावायचा, टेबलावरच जेवण मागवायचा आणि लेन्झला मुद्दाम चिडवायचा. पण जो शांतपणे तिची पानं खेळत राहिली. मध्ये काही रबरांसाठी एलीनं दुसरे भिडू घेतले, तरी बहुतेक वेळ खुर्चीत जोच होती. ८ जानेवारी १९३२ ला सामना संपला तेव्हा कल्बर्टसन ८,९८० गुणांनी पुढं होते.

दीडशे रबरांच्या हिशोबात हा फरक काही फार मोठा नाही, पानं कुणाला बरी आली यावरही तो फिरू शकला असता. पण लोकांनी निकाल बघितला. अधिकृत पद्धत मागं पडली आणि घरोघरी कल्बर्टसन सुरू झालं. त्याची पुस्तकं, शिकवणारे हजारो शिक्षक, वर्तमानपत्रातले स्तंभ, सिनेमाच्या छोट्या फिती, सगळीकडं एलीच एली. १९३३ आणि १९३४ मध्ये त्याच्या टीमनं इंग्लंडलाही हरवलं. १९३५ मध्ये हॅल आणि डोरोथी सिम्स या जोडप्याविरुद्ध एली-जो बसले. नवरा-बायको विरुद्ध नवरा-बायको अशी ती जाहीर लढत होती, आणि तीही कल्बर्टसन १६,१३० गुणांनी जिंकले.

टेबलाखालचं घर

या सगळ्यात जोचं काय चाललं होतं? ती तिच्या काळातली सगळ्यात चांगली महिला खेळाडू मानली जायची. पुरुषांनी भरलेल्या मोठ्या सामन्यांमध्ये ती बरोबरीनं बसायची. ती शिकवायची, लिहायची, आणि एली आगपाखड करून गेला की माणसं सांभाळायची. सात बोलायचं की नाही हे ठरवण्यासाठी हुकुमातल्या मोठ्या पानांची चौकशी करणारी पाच बिनहुकुमीची एक बोली आहे. एलीनं ती १९३६ मध्ये मासिकात मांडली ती जोच्या नावानं, आणि युरोपात ती आजही जोसेफिन म्हणून ओळखली जाते.

पण घरात भाषा कधीच तुटली होती. एली पैसा कमवायचा तसाच उडवायचा. कामाचं वेड, चढउतार, कायम नवीन नाद. टेबलावर बोलीचा एकेक अर्थ ठरवून घेतलेल्या या दोघांना घरातलं काही ठरवता आलं नाही. १९३८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. दोन मुलं होती. धंद्यातले संबंध मात्र पुढंही राहिले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. एली, जो, हेलन सोबेल आणि चार्ल्स फोगेलहोफर अशी टीम गेली आणि ऑस्ट्रियाकडून हरली. ऑस्ट्रियाच्या संघामागं डोकं होतं डॉ. पॉल स्टर्न यांचं. त्यांच्या व्हिएन्ना पद्धतीत एक किलवर बोलणं म्हणजे हातात किलवर आहेत असं नव्हतंच, तो ठरवून दिलेला संकेत होता. म्हणजे बोली ही भाषा आहे या एलीच्याच विचाराला ऑस्ट्रियाच्या लोकांनी आणखी पुढं नेलं होतं. पुढच्या वर्षी हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि नाझींना विरोध करणाऱ्या स्टर्न यांना लंडनला पळावं लागलं.

एलीचंही पत्त्यांवरनं मन उडालं ते याच काळात. १९४० मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि मग युद्धाच्या वर्षांत जागतिक शांततेची योजना घेऊन तो फिरायला लागला. मोठ्या देशांनी आपापल्या फौजांना ठरलेली मर्यादा घालून घ्यायची, आणि छोट्या देशांमधले सैनिक घेऊन एक आंतरराष्ट्रीय फौज उभी करायची, असा त्याचा आराखडा. त्यावर पुस्तकं लिहिली, पुढाऱ्यांना भेटला, पैसा ओतला. पण भिडू आणि विरोधक कोण हेच रोज बदलणाऱ्या त्या टेबलावर त्याची पद्धत कुणी उचलली नाही. बरेच जण त्याच्याकडं पत्तेवाला म्हणूनच बघत राहिले.

हरवलेल्या गुरूचा चेला जिंकला

तिकडं ब्रिजमध्ये एक नवीन माणूस वर येत होता. चार्ल्स गोरेन, फिलाडेल्फियाचा वकील. १९३१ मध्ये एलीनं ज्यांना बाजारातून बाहेर काढलं त्या मिल्टन वर्क यांचा हा चेला. वर्क १९३४ मध्येच वारले होते, पण त्यांच्या नावानं ओळखली जाणारी एक मोजणी गोरेननं १९४९ मध्ये नव्यानं पुढं आणली. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. अख्ख्या कॅटमध्ये ४० गुण. त्यात त्यानं लांब-आखूड रंगांचेही गुण धरले. १३ असतील तर बोली सुरू करा, दोघांचे मिळून २६ झाले तर गेम बोला.

अर्धे-दीड नाही, डोक्याला ताप नाही. शाळकरी पोरालाही जमेल. बघता बघता लोकांनी कल्बर्टसनचे तक्ते बाजूला ठेवले. जी गोष्ट एलीनं जुन्या गुरूंबरोबर केली, तीच त्याच्याबरोबर झाली. जास्त सोपी भाषा जिंकली.

२७ डिसेंबर १९५५ ला व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोत एली कल्बर्टसन वारला. वय ६४. तीन महिन्यांच्या आत, मार्च १९५६ मध्ये, जोही गेली.

आज ब्रिज खेळणारे पानं मोजतात गोरेनच्या आकड्यांनी. पण छोट्या बोलीनं सुरुवात करून एकेक पायरी चढणं, काही बोलींनंतर भिडूनं गप्प बसायचं नाही हा नियम, आणि बोली म्हणजे भिडूशी चाललेलं उघड संभाषण हा विचार, हे सगळं एलीच्या काळातलंच चालत आलंय. मोठ्या स्पर्धांमध्ये तर आता तोंडानं बोलतही नाहीत, आवाजातून खूण जाऊ नये म्हणून बोलीची कार्डं टेबलावर ठेवतात. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीनं भारताला ब्रिजचं सुवर्णपदक मिळवून दिलं तेही अशाच न बोलता केलेल्या बोलींवर.

तीनशे चारचे नियम वेगळे, गुलाम तिथं एक्क्यालाही भारी. एलीचा तक्ता तिथं लावून चालणार नाही. पण त्याचा मूळ हिशोब लागू पडतो. बोली लावताना फक्त आपली पानं मोजायची नाहीत, आतापर्यंत कोण काय बोललं आणि कोण गप्प राहिलं त्यावरनं भिडूची पानंही मोजायची. किती तोटा परवडतो हे बोली वाढवायच्या आधी ठरवायचं. आणि डाव गेला म्हणून भिडूला चारचौघांत झापायचं नाही, कारण लेन्झ पानांनी हरायच्या आधी जेकोबीला हरवून बसला होता.

१९६४ मध्ये ब्रिजच्या हॉल ऑफ फेमची सुरुवात झाली तेव्हा पहिल्या तीन नावांत व्हँडरबिल्ट आणि गोरेनबरोबर एली कल्बर्टसन होता. ज्या जोसेफिननं समोर बसून त्याची प्रत्येक बोली खरी करून दाखवली, तिचं नाव तिथं लागलं १९९६ मध्ये. मधे ३२ वर्षं गेली होती.